तार येऊ नये म्हणून

माझ्या बायकोने मला फसवलं. लढाईतल्या माझ्या जोडीदाराने तिला साथ दिली. दोघांनी मिळून माझं पदक घालवलं, आणि पुढे सगळं आयुष्य दोघेही माझ्यासमोर बसून चहा पीत राहिले. यातलं काही मी वाढवून सांगत नाही. मागच्या उन्हाळ्यापर्यंत मला याचा पत्ता नव्हता. तोपर्यंत मी भलत्याच माणसाला शिव्या देत होतो.

माझ्या उजव्या हाताला करंगळी नाही, आणि तिच्या शेजारचं बोटही नाही. एकाहत्तरच्या लढाईत, पूर्वेकडे, एका नदीच्या काठावर ती गेली. दिवस मावळत होता. आम्ही दारूगोळ्याच्या पेट्या वाहून नेत होतो. पेटीची पुढची कडी माझ्या हातात, मागची जोडीदाराच्या. गोळा फुटल्याचा आवाज मला आठवत नाही. पेटी एकदम जड झाली एवढं आठवतं, आणि मी मागे वळून त्याच्यावर खेकसलो की नीट धर. मग हाताकडे पाहिलं. त्यानंतरचं आठवतं ते तंबूतलं: औषधाचा वास, हाताला गाठोड्याएवढी पट्टी, आणि खाटांमधून वही घेऊन फिरणारा एक चष्मेवाला कारकून.

पलटणीने मला आणखी काही वर्षं हलक्या कामावर ठेवलं आणि मग घरी पाठवलं. निघताना कागद हातात आले तेव्हा वाचलं. माझ्या हाताबद्दल लिहिलं होतं की पेट्या उतरवताना पेटी पडून हात चेंगरला. लढाईत झालेल्या जखमेसाठी वेगळं पदक असतं. चेंगरलेल्या हाताला ते मिळत नाही. मी टेबलावर मूठ आपटली, होती तेवढ्या बोटांची. समोरचा बाबू म्हणाला, जबानी आली तशी नोंद झाली. मी विचारलं, कोणाची जबानी, मी तर बेशुद्ध होतो. तो म्हणाला, ते इथे कळत नाही. मी रागारागात सही केली आणि गाडीत बसलो.

आमच्या भागातल्या अनसिंगपर्यंतच्या प्रवासात मी गुन्हेगार ठरवून टाकला. तंबूतला तो चष्मेवाला. त्याने कोणाला काही विचारलंच नसेल. जखमींची रांग लागली असेल, याने कंटाळून मनाला येईल ते खरडलं असेल. त्या दिवसापासून मी त्याला रोज शिव्या दिल्या. बैल बसला तरी त्याला, पाऊस लांबला तरी त्याला. घरात सगळ्यांना त्या पाठ होत्या. बायको ऐकायची आणि भाकरी थापायची.

शेती वडिलांची होती, पण भावाभावांत वाटून माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात बैलजोडी वळवायलाही जागा उरली नव्हती. म्हणून मी बैलांच्या धंद्यात पडलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा एकमेकांच्या हातात हात देतात, वरून रुमाल टाकतात, आणि खाली बोटं धरून भाव सांगतात. बाजूला उभा असलेल्याला काही कळत नाही. तीन बोटांच्या माणसाने हा धंदा करणं म्हणजे सगळ्यांची करमणूक होती. अनसिंगच्या एका व्यापाऱ्याने पहिल्याच बाजारात रुमालाखाली माझा हात चाचपला आणि चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाला, "याचा भाव तं तीनच्या वर चढतच नाई बावा."

मी त्याचं मनगट दाबलं. "बोटं सरली का मनगट सुरू होते. मोज पुढचं."

लोक हसले, पण त्या दिवशी जोडी मीच विकली. पुढे माझं मनगट बाजारात ओळखीचं झालं. बैलांनंतर जुने ट्रॅक्टर, ट्रॅक्टरनंतर मळणीयंत्रं. आज मंगरूळपीरच्या रस्त्याला माझी शेड आहे. हे सगळं मी कोणाच्या मेहरबानीशिवाय केलं. एक गोष्ट तेवढी माझ्या हातात नव्हती.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर माजी सैनिकांना बोलावतात. पदकवाले पुढे खुर्च्यांवर बसतात, छातीवर पदकं लावून. बाकीचे मागे शाळेच्या बाकांवर. वर्षानुवर्षं मी बाकावर बसलो. तिथे बसल्यावर गुडघे हनुवटीपर्यंत येतात, कारण ते बाक पोरांचे आहेत. अलीकडे एका वर्षी कार्यालयातून प्रत्येकाची माहिती मागवून माइकवर वाचून दाखवली. माझ्या नावापुढे वाचलं की कामावर असताना अपघात. तोपर्यंत गावाला मी लढाई सांगत आलो होतो. कार्यक्रम संपल्यावर नुकताच फौजेतून परतलेला एक तरणा गडी सहज म्हणाला, "काका, तुमच्या हातावर पेटी पडली होती व्हय? आमाले तं तुमी गोळा सांगत होते."

त्याच्या बोलण्यात खोडी नव्हती. म्हणूनच ते जास्त लागलं. मी चहा न घेता घरी आलो. मी खोटारडा ठरलो होतो, तेही माझ्याच नावच्या कागदावरून, माझ्याच गावात.

मग वाशिमला माजी सैनिकांच्या मेळाव्यात एका साहेबांनी सांगितलं की जुन्या नोंदी दुरुस्त होऊ शकतात. अर्ज करा. त्या वेळी सोबत असलेल्या कोणाचं शपथपत्र जोडा, चूक कशी झाली ते लिहा. मला अर्ध्या भाषणातून उठून जावंसं वाटलं. सोबत असलेला माणूस जिवंत होता. पेटीची मागची कडी त्याच्या हातात होती, आणि तो इंझोरीत संत्र्याची बाग सांभाळून होता.

या जोडीदाराबद्दल आधी सांगितलं पाहिजे. आम्ही एकाच दिवशी भरती झालो. लढाईच्या आधी दिवाळीच्या सुटीत तो माझ्याकडे आला होता, कारण परत जायचं ते सोबत. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. माझ्या बायकोला भाऊ नाही, त्याला बहीण नाही. भाऊबीजेला तिने त्याला ओवाळलं. तेव्हापासून एकही भाऊबीज त्याने चुकवली नाही. इंझोरीहून येतो, पाटावर बसतो, ओवाळणीत साडी घालतो, जेवतो, जातो. पहिल्या वर्षी मात्र त्याने काही घातलं नव्हतं. ताटाला हात जोडले होते फक्त. खिशात काही नसेल असं मी समजलो, आणि पुढे कित्येक वर्षं त्यावरून त्याची थट्टा केली. तो हसायचा. तीही हसायची.

मी इंझोरीला गेलो तेव्हा तो झाडांना पाणी देत होता. मी शपथपत्राचं सांगितलं. त्याने पाइप एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात टाकला, मग तिसऱ्या.

"आता या वयात कायले पाह्यजे तुले पदक? बैलाच्या गळ्यात बांधतं का?"

"तुह्या गळ्यात बांधतो. चाल मंगरूळपीरले."

"माहे गुडघे दुखून राह्यले."

"गाडी आणली हाये. गुडघे मांडीवर घेऊन बस."

मी आयुष्यभर सौदे केले आहेत. समोरचा भावासाठी अडला आहे की त्याला माल द्यायचाच नाही, हे मला रुमालाखाली कळतं. त्या दिवशी कळलं नाही. मला वाटलं, म्हातारा आळशी झाला. मी त्याच्या अंगणात बसून राहिलो, दोन वेळा चहा प्यायलो, त्याच्या सुनेला सांगितलं की सासऱ्याला घेतल्याशिवाय उठत नाही. शेवटी त्याने धोतर बदललं. 

मंगरूळपीरला तहसीलच्या बाहेर कडुनिंबाखाली शपथपत्रं टाइप करणारे बसतात. आमचा टाइप करणारा चांगला होता. नाव, गाव, पलटण, लढाईचं ठिकाण, सगळं भराभर विचारून लिहीत गेला. गोळा फुटला, कपची लागली, बोटं गेली, मी प्रत्यक्ष सोबत होतो. जोडीदार प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. मग टाइप करणाऱ्याने विचारलं, "आता मूळ नोंद चुकीची काहून झाली, त्याचं कारण लिहा लागते."

मी म्हणालो, "लिही, कारकुनाचा हलगर्जीपणा."

जोडीदार म्हणाला, "नाई."

"काय नाई?"

"शपथ घेऊन ते नाई लिहिता येणार मले. कारकुनानं तं बरोबर इचारलं होतं."

"मग?"

"मी सांगितलं त्याले पेटी पडली म्हणून."

टाइप करणाऱ्याने यंत्रावरून हात काढून घेतले. जोडीदार माझ्याकडे न पाहता बोलत राहिला. "तू खाटेवर होता, तुले शुद्ध नव्हती. त्यानं इचारलं कसं लागलं. मी म्हटलं गोळा फुटला. त्यानं लिहाले घेतलं. मग म्हणे, घरचा पत्ता सांग. मी म्हटलं कायले? म्हणे, लढाईत जखमी झाला का घरी तार जाते. मग मी म्हटलं, साहेब, माहं चुकलं. गोळा नाई. हातावर पेटी पडली. त्यानं चष्मा काढून पाह्यलं माह्याकडे. म्हणे, याचं नुकसान होईन, पदक जाईन, इचार कर. मी म्हटलं केला इचार. त्यानं पुन्हा इचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं."

"तुले कोणी हक्क देल्ला?"

"माह्या बहिणीनं."

"तुले बहीण कुठी हाये?"

"तुह्या घरी."

मला शिवी सुचली नाही. मला ओळखणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे की मला शिवीसाठी थांबावं लागत नाही. मी कडुनिंबाखालच्या त्या लोखंडी खुर्चीवर बसून राहिलो आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली की त्या चष्मेवाल्याने दोनदा विचारलं होतं. मी ज्याला इतकी वर्षं शिव्या घातल्या तो एकटाच माझ्या बाजूने बोलला होता.

"हे पण लिहू का?" टाइप करणाऱ्याने हळूच विचारलं.

"लिहा," जोडीदार म्हणाला. "आता तोंडातून निघालं तं लिहा. ओवाळणीत मागितलं तिनं. म्हणे भाऊ, साडी नको, पैसे नको. माह्या मालकाचे हात गेले, पाय गेले तरी चालते. पण माह्या दारात तार येऊ देऊ नका. मी ताटाले हात जोडले. ओवाळणीचा शब्द होता. तू सांग, मोडता येते का?"

त्याने सही केली. मी त्याला इंझोरीला सोडलं नाही. एसटीत बसवून दिलं आणि तिकिटाचे पैसेही दिले नाहीत. खिडकीतून तो म्हणाला, "बाईवर तापू नको." मी गाडी सुरू केली.

घरी आलो तेव्हा बायको अंगणात खाटेवर धोतर पसरून कुरड्या टाकत होती. सोऱ्या तिच्या हातात होता. मी चपला न काढता समोर उभा राहिलो.

"इंझोरीवाल्यानं सांगितलं," मी म्हणालो.

तिने हातातली कुरडई पूर्ण केली. "कधी ना कधी सांगणारच होता. त्याच्या पोटात किती राहीन?"

एवढंच. ती घाबरली नाही, रडली नाही. माझा सगळा राग तिच्या घाबरण्यावर अवलंबून होता हे मला तेव्हा कळलं, कारण ती घाबरली नाही तर पुढे काय करायचं हे मला ठाऊकच नव्हतं.

"काहून?" मी विचारलं.

"तुमच्या वहिनीमुळं."

"कोणती वहिनी?"

"चुलत. समोरची."

माझा चुलत भाऊ माझ्याआधी फौजेत गेला होता. त्याचं घर आमच्या समोर होतं. माझ्या लग्नाच्या वर्षी, मी पलटणीत परत गेल्यावर, तो बायकोला घेऊन गाव सोडून गेला आणि पुन्हा आला नाही. मला घरच्यांनी सांगितलं होतं की हिश्शावरून बिनसलं. मी विश्वास ठेवला. आमच्याकडे गाव सोडायला तेवढं कारण पुरतं. आज त्या जागेवर सीताफळीचं झाड उगवलं आहे, घर नाही.

बायकोने मला जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत लिहितो, कारण माझ्या शब्दांत ते खरं वाटत नाही.

"मी नवी होती. दुपारी पोस्टाचा माणूस आला, तार घेऊन. वहिनीच्या नावाची. वहिनी दळत होत्या. इंग्रजीत होती तार. वाचणारे गुरुजी वाशिमले गेलते. पोलीस पाटलाकडं नेली. त्यायनं उलटीपालटी करून पाह्यली. म्हणाले, फौजेतून तार आली म्हणजे काय असणार, माणूस गेला. झालं. बायका जमल्या. वहिनी दोन्ही हात पाठीमागं घेऊन उभ्या होत्या. म्हणत होत्या, वाचून तरी घ्या. गुरुजी येऊ द्या. कोणी आयकलं नाई. तुमच्या आईनं मले सांगितलं, वरवंटा आण. मी नवी. आणला."

 सोऱ्यातून पीठ तसंच बाहेर येऊन लोंबत होतं.

"मी आणला वरवंटा. तुमच्या आईनंच बांगड्या फोडल्या. कुंकू पुसलं. दुसऱ्या दिवशी गुरुजी आले. त्यायनं तार वाचली. सुटी मंजूर झाली, येऊन राह्यलो, एवढंच होतं त्यात."

मी खाटेच्या काठावर बसलो. माझ्याखाली कुरड्या मोडल्या. 

"मग तुमचे भाऊ आले. डोक्यावर ट्रंक घेऊन. दारात वहिनीले पाह्यलं, मोकळं कपाळ, मोकळे हात. त्यायनं इचारलं, कोण मेलं? अंगणात सगळे होते. कोणी बोललं नाई. त्यायनं पुन्हा इचारलं, कोण मेलं? तवा वहिनी गोठ्यात पळून गेल्या."

"मग पुन्हा भरायच्या होत्या बांगड्या. माणूस तं समोर उभा होता."

"भरल्या त्यायनं. वाशिमहून आणून स्वतःच्या हातानं भरल्या. पण पाटील म्हणाले, एकदा उतरलेलं पुन्हा चढवाची रीत गावात नाई, उद्या काही झालं तं गावावर येईन. मग कोणी हळदीकुंकाले बलावे ना. कोणाच्या लग्नात जवळ उभं राहू देत ना. सकाळी वहिनी पाण्याले निघाल्या का बाया वाट बदलत. नवरा घरात बसून, आन बायको रांडमुंड. पोळ्याच्या आधी गेले दोघं."

मी म्हणालो, "पण मी जखमी होतो. तारेत जखमी लिहिलं असतं."

"वाचणार कोण होतं?"

मी मोडलेल्या कुरड्या बाजूला केल्या.

"तुमची तार आली असती तं तुमी जित्ते असते," ती म्हणाली. "तुमच्या केसालेही धक्का नसता लागला. पण मले गावानं त्याच दुपारी मारलं असतं. आन वरवंटा या वेळी दुसऱ्या कोण्या नव्या सुनेनं आणला असता."

तिने हात पुढे केले. हिरव्या बांगड्या, मधे एक पाटली. पीठ लागलेलं होतं. ते हात मी रोज पाहतो.

"मले काहून नाई सांगितलं?" मी विचारलं. हा प्रश्न मी ओरडून विचारणार होतो. तो हळू आवाजात बाहेर पडला.

"तुमी आईले इचारलं असतं. तुमचा सोभाव मले माहीत हाये, तुमी त्याच पावली आईसमोर उभे राह्यले असते. आन मले त्यायच्याच घरात राहाचं होतं. आई गेल्या तोवर तुमचं त्या कारकुनाशी चांगलं जमलं होतं. म्हटलं, राहू द्या."

"माहं पदक गेलं त्यात."

"पदक लावाले छाती तं आली ना घरी."

मी उठलो आणि गाडीत जाऊन बसलो. कुठे जायचं नव्हतं. माझ्या आईचा हात माझ्या डोळ्यांसमोर येत होता. त्याच हाताने ती मला दही-भात भरवायची. तो हात वरवंटा धरलेला मला दिसेना. मी खूप प्रयत्न केला. आणि वहिनी, जी माझ्या लग्नात सगळ्यांत मोठ्याने गाणी म्हणत होती, ती दोन्ही हात पाठीमागे घेऊन सांगत होती की वाचून तरी घ्या. ती काही अवघड मागणी करत नव्हती. एक दिवस थांबा, एवढंच म्हणत होती.

बायकोला मी माफ केलेलं नाही. ती म्हणते, माफी मागितली कोणी. या भाऊबीजेला इंझोरीवाला येईल तेव्हा मी घरी थांबेन की शेडवर जाऊन बसेन, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

अर्ज मी केला. जोडीदाराचं शपथपत्र जोडलं. वाशिमच्या कार्यालयातल्या साहेबांनी ते नीट वाचलं, चांगल्या मनाने वाचलं, आणि म्हणाले, "काका, हा माणूस तेव्हा एक बोलला, आता दुसरं बोलतो. तार नको म्हणून कोणी साथीदाराचं पदक घालवेल, हे वर कोणाला पटणार नाही. तुमच्या गावात तारेची काय दहशत होती, ते सांगणारा दुसरा कोणी आहे का? घरचा नको, बाहेरचा. त्याने लिहून दिलं तर या शपथपत्राला वजन येईल."

बाहेरचा एक आहे. त्या वेळचे पोलीस पाटील. थकलेत, पण कान शाबूत आहेत. रोज सकाळी स्वतःच्या ओट्यावर आरामखुर्चीत बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा रामराम घेतात. सव्वीस जानेवारीला झेंड्याजवळ त्यांची खुर्ची सगळ्यांत पुढे असते.

बायको म्हणाली, "जाऊ नका. म्हातारं माणूस. काय भेटणार?"

मी गेलो. ओट्यावर चढलो आणि समोर बसलो. तारेची आठवण करून दिली. त्यांना आठवत होतं. चुलत भावाचं नाव मी घेण्याआधी त्यांनीच घेतलं.

"मग एवढं लिहून द्या," मी कोरा कागद त्यांच्यापुढे धरून म्हणालो. "तार न वाचता मी सांगितलं, माणूस गेला. आन त्याच्यानंतर गावातल्या बाया तारेले भेत होत्या."

"त्या वेळी तसंच समजत होते बावा."

"कोण?"

"सगळे."

"सगळ्याइनं नाई सांगितलं. तार तुमच्या हातात होती."

"तुह्या आईनंच फोडल्या ना बांगड्या? मी का हात लावला?"

"आईचं मी लिहून देतो, माह्या सहीनं. वरवंट्याचं माही बायको लिहून देते, ती तयार हाये. राह्यले तुमी."

त्यांनी काठी ओट्याला टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. "मले आता काही आठवत नाई," ते म्हणाले. ज्याने मघाशी स्वतः नाव घेतलं होतं त्याच माणसाने हे सांगितलं.

मी कागद परत घेतला नाही. त्यांच्या मांडीवर ठेवला आणि पेन वर ठेवलं. तेव्हापासून रोज सकाळी शेडवर जाण्याआधी मी त्यांच्या ओट्यावर जातो. रामराम करतो आणि विचारतो. लोक म्हणतात, म्हाताऱ्याला छळतो. पदक मिळो न मिळो, ते वाशिमवाले पाहतील. बाकावर बसायची मला सवय आहे. पण त्या दुपारी एका बाईने एकच गोष्ट मागितली होती, की वाचून घ्या, आणि तार ज्याच्या हातात होती त्याने एक दिवस थांबायला नकार दिला. त्या नकारापायी ती गावातून गेली, माझी बायको जन्मभर भीत राहिली, माझ्या जोडीदाराने जन्मभर खोटं पोटात ठेवलं, आणि मी एका भल्या माणसाला जन्मभर शिव्या घातल्या.

पाटील, तुम्ही हे वाचत नसाल तर कोणीतरी तुम्हाला वाचून दाखवा. तुम्ही का थांबला नाहीत? लिहून द्या, नाहीतर तोंडाने सांगा, पण सांगा. मी उद्या सकाळी पुन्हा येतो.